बाळंतपणानंतर सांध्यात पू: ओळखायचा कसा? बाळंतिणी आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी गोव्यात डिचोलीला फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्याने बायका माझ्याकडे येतात, बहुतेक सासू किंवा आई सोबत असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कंबर धरली." बहुतेक वेळा तेच खरं असतं. पण एखादीच्या बाबतीत ते खरं नसतं, सांध्यात जंतू शिरलेले असतात, आणि ती एक ओळखायची राहून गेली तर तिचं चालणं कायमचं बिघडू शकतं.

माझ्या धाकट्या वहिनीचं तसंच होता होता राहिलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर नवव्या दिवशी तिचा उजवा कुल्ला दुखू लागला. घरात सगळे म्हणाले, वात धरला. मालीशवाली सकाळ-संध्याकाळ त्याच जागी जोर लावत होती, आणि मी स्वतः फोनवरून तिला व्यायाम सांगत होते. बारशाला ती पाटावर बसू शकली नाही तेव्हाही मला शंका आली नाही. मध्ये एका डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, ताप उतरला, आणि पुन्हा चढला. एमआरआय झाला तो एकतिसाव्या दिवशी. कंबरेच्या मागच्या सांध्यात पू होता. अँटिबायोटिक आधीच पोटात गेल्यामुळे कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही, आणि पुढचे सहा आठवडे औषधं अंदाजाने द्यावी लागली. तेव्हापासून हे प्रश्न मी लिहून ठेवत आले आहे.

बाळंतपणानंतर सांध्यात पू होतो, हे खरंच घडतं का?

घडतं. दुर्मीळ आहे, म्हणूनच चटकन कुणाच्या मनात येत नाही. बाळंतिणीत दोन जागा खास. एक, कंबरेच्या मागे, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जिथे खळी पडते तिथला सांधा. त्याला सॅक्रोइलियाक सांधा म्हणतात, डॉक्टर बोलताना नुसतं "एसआय" म्हणतात. दुसरी, ओटीपोटाच्या अगदी खाली पुढच्या बाजूला दोन हाडं जिथे जुळतात ती, म्हणजे सिम्फिसिस प्युबिस. याशिवाय खुबा आणि गुडघा, आणि कधी मनगट किंवा घोटा.

एसआय सांधा खोल असतो. वरून सूज दिसत नाही, लाली दिसत नाही. गुडघ्यात पू झाला तर शेजारीणही सांगेल की काहीतरी बिघडलं आहे. एसआय सांध्यात झाला तर बाहेरून बाई धडधाकट दिसते आणि घरातले म्हणतात, जरा जास्तच करते आहे.

जंतू सांध्यात पोचतात कुठून?

बहुतेक वेळा रक्तातून. प्रसूतीच्या वेळी आणि नंतर काही दिवस गर्भाशयाची आतली बाजू उघड्या जखमेसारखी असते. खाली टाके असतात, सिझेरियन असेल तर पोटावर टाके असतात, लघवीची नळी घातलेली असते, हाताला सलाईनची सुई असते. पुढे छातीत दूध साठून गाठ पिकू शकते. यातल्या कुठल्याही वाटेने जंतू रक्तात उतरू शकतात. एरवी शरीर त्यांना मारून टाकतं, पण बाळंतिणीच्या ओटीपोटाच्या सांध्यांची गोष्ट वेगळी असते. गर्भारपणातल्या हार्मोन्सनी तिथले बंध सैल झालेले असतात, आणि बाळ खाली सरकताना सांध्यावर ताण पडून आत बारीकसा रक्तस्राव झालेला असू शकतो. अशी दुखावलेली जागा जंतूंना सोयीची पडते.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, आपल्या कातडीवर आणि नाकात राहणारा. त्याखालोखाल स्ट्रेप्टोकोकस, मग लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय. मधुमेह, रक्त फार कमी असणं, आधीच दुखावलेला सांधा, ही धोका वाढवणारी कारणं. पण यातलं काहीच नसलेल्या धडधाकट बाईलाही हे होऊ शकतं. माझी वहिनी तशीच होती.

सिझेरियन झालं म्हणून असं होतं का, असंही विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) गोव्यात १०० पैकी जवळजवळ ४० प्रसूती सिझेरियनने झाल्या, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आहे. सिझेरियननंतर जंतुसंसर्गाचा धोका एकूणच जास्त असतो. पण सांध्यातला पू नैसर्गिक प्रसूतीनंतरही होतो, म्हणून "नॉर्मल झालं, आता काही नाही" असं धरून चालू नये.

नेहमीची बाळंतपणाची कंबर आणि हे दुखणं, यात फरक कसा करायचा?

या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

नेहमीची कंबर हालचालीने दुखते आणि आडवं पडलं की निवते. बाळाला पाजताना वाकून बसलं, बादली उचलली, की दुखते. दोन्ही बाजूंना किंवा मधोमध दुखते. आणि महत्त्वाचं म्हणजे दिवसागणिक, अगदी हळूहळू का होईना, कमी होत जाते.

जंतूंचं दुखणं उलट्या दिशेने जातं. एकाच बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी. रात्री आणि स्वस्थ पडलं असतानाही ठणकतं. परवापेक्षा काल जास्त, कालपेक्षा आज जास्त. अंथरुणात कुशीवर वळताना किंकाळी फुटते. त्या पायावर भार टाकता येत नाही, न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरून जावं लागतं. कधी दुखणं मांडीत उतरतं आणि लोक सायटिका म्हणतात, कधी ओटीपोटात येतं आणि लोक गर्भाशयाचं म्हणतात. पुढच्या सांध्याचं असेल तर पाय फाकवताना आणि पायरी चढताना जीव जातो, चाल बदकासारखी होते.

मी आता प्रत्येकीला तीन गोष्टी विचारते. दुखायला लागून किती दिवस झाले? कालपेक्षा आज कमी आहे की जास्त? त्या एका पायावर क्षणभर उभी राहू शकतेस का? दुसऱ्याचं उत्तर "जास्त" आणि तिसऱ्याचं "नाही" आलं, तर मी व्यायाम देत नाही, डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी देते.

ताप नाही. मग संसर्ग नाही ना?

असं म्हणता येत नाही. सांध्यात पू असूनही ताप नसलेले रुग्ण बरेच असतात. शिवाय बाळंतीण पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक टाक्यांसाठी घेतच असते, ताप त्याखाली झाकला जातो. म्हणून गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा आणि आकडा, तारीख, वेळ कागदावर लिहा. "रात्री अंग कढत वाटलं" यापेक्षा "मंगळवारी रात्री ९ वाजता १०१" हे डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातं. थंडी वाजून हुडहुडी भरली असेल तर तेही लिहा, एकदाच भरली असली तरी.

डॉक्टर हातांनी काय तपासतात?

एका बाजूचा पाय दुमडून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला लावतात आणि गुडघा हलकेच खाली दाबतात. त्यात मागे कुल्ल्यात कळ आली तर एसआय सांध्याकडे बोट जातं, पुढे जांघेत आली तर खुब्याकडे. खुबा आत-बाहेर फिरवून बघतात. पुढच्या हाडावर दाबून बघतात. पाय पोटाशी धरून ठेवावासा वाटतो आणि सरळ करवत नाही, असं असेल तर मणक्याच्या पुढच्या सोअस स्नायूत पू आहे का ही शंका येते.

या चाचण्या साध्या सैल झालेल्या सांध्यातही दुखतात, त्यामुळे त्यांच्यावर निदान होत नाही. कुठल्या सांध्याची पुढची तपासणी करायची, एवढं त्या सांगतात. सोबत छाती, पोट, टाके, अंगावरून जाणाऱ्या स्रावाचा वास आणि पोटरीही बघायला हवी. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तिच्यामुळेही एक पाय सुजतो आणि दुखतो, आणि तीही तितकीच तातडीची असते.

रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी, सीआरपी, ईएसआर सगळं वाढलेलं आहे. म्हणजे पू आहेच का?

सीआरपी आणि ईएसआर या शरीरात कुठे दाह आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. इथे भले भले चकतात, कारण बाळंतिणीचे आकडे इतरांसारखे वाचून चालत नाही.

पांढऱ्या पेशी एरवी ४ ते ११ हजार असतात. प्रसूतीच्या कळांमध्ये त्या काहीही आजार नसताना २० हजारांच्या पुढे जाऊ शकतात आणि आठवड्याभरात खाली येतात. ईएसआर गर्भारपणातच वाढलेला असतो आणि बाळंतपणानंतर कित्येक आठवडे तसाच राहतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात ५० चा ईएसआर बघून घाबरण्यात अर्थ नाही. सीआरपी प्रसूतीनंतर वाढतो, सिझेरियननंतर जास्त वाढतो, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत वर असतो. मात्र तो भराभर उतरतो, कारण त्याचं अर्धं प्रमाण साधारण १९ तासांत नाहीसं होतं.

म्हणून एका रिपोर्टकडे बघून काही ठरवू नये, दोन रिपोर्ट शेजारी ठेवावेत. बाळंतपणाला बारा दिवस झाले आणि सीआरपी उतरण्याऐवजी चढतो आहे, तर त्याला प्रसूतीचं कारण पुरत नाही. दुसरीकडे, सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत सीआरपी फारसा वाढलेला नसला आणि दुखणं मात्र वर सांगितलं तसं असलं, तर रिपोर्टवर विसंबू नये, दुखण्यावर विसंबावं.

ताप आहे, दुखतं आहे, मग घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू केलं तर काय बिघडलं?

वहिनीला ते डॉक्टरांनी दिलं होतं, तरी तपासणीआधी दिल्यामुळे बिघडलंच, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला मरतो, हे कल्चरवरून कळतं. रक्त किंवा सांध्यातलं पाणी पोषक द्रव्याच्या बाटलीत घालून ऊब देतात, आणि जंतू वाढतो का बघतात. बऱ्याचदा एक-दोन दिवसांत उगवतो, बाटली साधारण पाच दिवस ठेवतात. अँटिबायोटिकचे चार-दोन डोस आधीच गेले असतील तर रक्तातले जंतू दबतात आणि बाटलीत काही उगवत नाही. सांध्यात खोलवर मात्र ते जिवंत असतात, कारण गोळीचा तेवढा डोस त्यांना पुरत नाही. आजार तसाच राहतो, जंतूचा पत्ता मात्र हातचा जातो.

म्हणून क्रम असा: आधी रक्ताचं कल्चर, शक्य असेल तर सांध्यातलं पाणी, मग अँटिबायोटिक. कल्चरसाठी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रत्येक बाटलीला ८ ते १० मिली रक्त घेतात. "एवढं रक्त कशाला काढता, आधीच बाळंतीण आहे" म्हणून घरचे अडवतात. कृपा करून अडवू नका. रक्त थोडं घेतलं तर जंतू सापडण्याची शक्यताही थोडीच राहते. लघवीचं कल्चर, जखमेतून पाणी येत असेल तर त्याचं, छातीत गळू असेल तर त्यातल्या पुवाचं, हेही त्याच वेळी पाठवतात.

या क्रमाला एक अपवाद आहे. बाळंतीण असंबद्ध बोलते आहे, श्वास धापा टाकल्यासारखा चालतो आहे, हातपाय गार पडलेत, लघवी झालेली नाही, तर जंतू रक्तभर पसरल्याची ती खूण आहे. तेव्हा १०८ बोलवा. रुग्णालयात पोचताच रक्त घेऊन लगेच, तासाभराच्या आत अँटिबायोटिक द्यावं लागतं. एमआरआयची वाट बघत थांबायचं नसतं.

आणि तुमच्या बाबतीत अँटिबायोटिक आधीच घेऊन झालं असेल तर ते लपवू नका. रिकामी स्ट्रिप सोबत न्या.

सांध्यातलं पाणी काढतात ते कशासाठी? त्याने सांधा अधू होतो का?

अधू होत नाही. उलट पू आतच राहिला तर सांध्याची कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, काही दिवसांत झिजू लागते, आणि ती परत येत नाही. निदानात या पाण्याइतकं पक्कं दुसरं काही नाही.

गुडघ्याचं पाणी खाटेवरच, जागा बधिर करून काढतात. खुब्याचं सोनोग्राफीत बघत काढतात. एसआय सांध्यात सुई घालायची तर सीटी स्कॅनच्या किंवा सी-आर्मच्या (पडद्यावर चालता एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) मदतीने घालावी लागते. पाणी प्रयोगशाळेत तीन कामांसाठी जातं: पेशी मोजायला, काचेवर रंग देऊन जंतू बघायला, आणि कल्चरला.

निरोगी सांध्यातलं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं असतं आणि त्यात एका मायक्रोलीटरमागे २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. संधिवातात त्या काही हजारांवर जातात. ५० हजारांच्या पुढे गेल्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असल्या, तर जंतूंचा संशय बळावतो. ही रेघ दगडावरची नाही. आजाराच्या सुरुवातीला किंवा अँटिबायोटिकनंतर पेशी कमी असूनही जंतू असू शकतात. काचेवर जंतू दिसले तर उत्तम, नाही दिसले तर "नाहीत" असं समजायचं नाही, कारण बऱ्याचदा ते काचेवर दिसत नाहीत आणि कल्चरमध्ये उगवतात.

एक्स-रे नॉर्मल आला. आता निश्चिंत व्हायला हरकत नाही ना?

हरकत आहे. हाडात एक्स-रेवर दिसण्याइतका बदल व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यातला स्वच्छ एक्स-रे संसर्गाबद्दल काहीच सांगत नाही. तो उपयोगी पडतो वेगळ्या कामाला: पुढच्या दोन हाडांमधलं अंतर १० मिलीमीटरपेक्षा जास्त वाढलं असेल, तर सांधा फाकला आहे हे कळतं. तेही बाळंतपणानंतरच्या तीव्र दुखण्याचं एक कारण आहे, आणि त्याचा जंतूंशी संबंध नाही.

एमआरआय करायला सांगितला आहे. खरंच गरज आहे का, आणि दूध पाजता येईल का?

एसआय आणि पुढच्या सांध्यासाठी एमआरआय हीच तपासणी. पहिल्या काही दिवसांतच सांध्यातलं पाणी, हाडातली सूज, भोवतालच्या स्नायूंतला पू त्यात दिसतो.

यात एक बारकावा आहे आणि तो रिपोर्ट वाचणाऱ्याला माहीत असायला हवा. काहीही आजार नसलेल्या बाळंतिणीच्या एसआय सांध्यालगतच्या हाडातही एमआरआयवर सूज दिसू शकते, प्रसूतीचा ताण म्हणून. नुसत्या सुजेवरून जंतू किंवा संधिवात ठरवता येत नाही. एकाच बाजूला, सांध्यात पाणी भरलेलं, सांध्याचं आवरण फुगलेलं, पुढच्या स्नायूत सूज पसरलेली किंवा पुवाची पिशवी, असं असेल तर जंतूंकडे झुकतं. सेक्रमच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाला बारीक चीर गेलेली असेल तर तीही यातच दिसते. म्हणून फॉर्मवर "कंबरदुखी" एवढंच न लिहिता बाळंतपणाची तारीख, ताप, कुठली बाजू, सीआरपी, हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दूध पाजता येतं. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध दिलं तरी त्याचा दुधात उतरणारा भाग नगण्य असतो आणि बाळाच्या पोटातून तो फारसा शोषला जात नाही, दूध पिळून टाकायची गरज नाही. सीटी स्कॅननेही दूध बिघडत नाही. किरणोत्सारी द्रव्य देऊन हाडांचा स्कॅन करणार असतील तर मात्र किती वेळ पाजायचं नाही, हे आधी विचारून घ्या.

प्रसूतीनंतर लगेच कॉपर-टी बसवली असेल तर एमआरआय होतो, पण तंत्रज्ञाला सांगा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना घरीच काढून ठेवा. अर्धा तास तरी सरळ पडून राहावं लागतं, तेव्हा बाळाला पोटभर पाजून आत जा आणि कुणीतरी बाळाला घेऊन बाहेर बसा. दुखण्यामुळे सरळ पडवत नसेल तर आधी सांगा, दुखणं कमी करायचं औषध देऊन करतात.

पावसाळ्यात गावात चिकुनगुन्याची साथ आहे. तेच नसेल कशावरून?

असू शकतं. चिकुनगुन्यात एकदम जोरात ताप येतो आणि मनगटं, घोटे, बोटांचे सांधे दोन्ही बाजूंना एकदम धरतात. जंतूंचा पू बहुतेक वेळा एकाच मोठ्या सांध्यात असतो. पहिल्या आठवड्यात विषाणूसाठी पीसीआर, त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं) तपासतात. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळायचं, पॅरासिटामॉलवर राहायचं. प्रसूतीच्या आसपास आईला चिकुनगुन्याचा ताप आला असेल तर बाळालाही होऊ शकतो. बाळ मलूल झालं, दूध ओढेनासं झालं की त्याच दिवशी दाखवा.

एक सांगते: चिकुनगुन्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी एखादा खुबा वेगळाच ठणकत असेल, तर तो सांधा स्वतंत्र तपासून घ्या.

क्षयरोगाची तपासणी का सांगतात? आमच्या घरात कुणाला नाही.

घरात कुणाला असायलाच हवा असं नाही. गर्भारपणात दबलेला क्षय बाळंतपणानंतरच्या महिन्यांत डोकं वर काढतो. तो हळू चालतो: आठवडे-महिने बारीक दुखणं, संध्याकाळचा कणकण ताप, वजन उतरणं, जे बाळंतपणाच्या थकव्यात सहज मिसळून जातं. सांध्यातल्या पाण्यात तो काचेवर क्वचितच दिसतो, म्हणून सांध्याच्या आतल्या आवरणाचा तुकडा काढून सीबीनॅटला (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) आणि कल्चरला पाठवतात. सीबीनॅट मशीन दोनेक तासांत उत्तर देतं, कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. क्षयाचे उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत.

घरी गाई-शेळ्या असतील किंवा न तापवलेलं दूध पिण्यात आलं असेल तर तेही सांगा. ब्रुसेला नावाचा जंतू एसआय सांध्यात बसतो. त्याच्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करतात, आणि कल्चरची बाटली जास्त दिवस ठेवायला प्रयोगशाळेला आधी कळवावं लागतं.

कंबरेत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळेच दुखतं ना?

सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं, ते मणक्यावर मधोमध असतं. एका कुल्ल्यातलं वाढत जाणारं दुखणं त्याच्या माथी मारू नका. पण इंजेक्शननंतर ताप, पाठीत तीव्र कळ आणि पायात बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं असं एकत्र आलं, तर मणक्यात पू असू शकतो. त्याच तासाला रुग्णालय गाठा.

मालीश, शेक, कढत पाण्याचं न्हाणं बंद करायचं का?

माझा या गोष्टींना विरोध नाही. मालीशवाली येते तेवढा वेळ तरी बाळंतिणीकडे कुणीतरी नीट लक्ष देतं, आणि ते मोलाचं आहे. पण ज्या जागी दुखणं वाढतं आहे तिथे चोळणं, पाय ओढणं, गरम विटेने शेकणं थांबवा, निदान होईपर्यंत. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं आणि दवाखाना आठवडाभर लांबतो. मालीशवालीला हे समजावून सांगा. तिच्या हाताला एखादी जागा इतरांपेक्षा कढत लागली किंवा बाई स्पर्शानेच दचकली तर तिने बोलून दाखवावं. मी आमच्या भागातल्या दोघीतिघींना हे सांगितलं आहे, आणि त्यातल्या एकीने खरोखरच एका मुलीला वेळेवर पाठवलं.

डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर पाठवून खाजगी प्रश्न विचारले. का?

शरीरसंबंधातून लागणाऱ्या गनोरियाचा जंतू गर्भारपणात आणि नंतर रक्तात उतरून मनगट, घोटा, गुडघ्यात जातो, कधी अंगावर बारीक पुळ्याही येतात. तो शोधायला खालून नमुना घ्यावा लागतो आणि नवऱ्यालाही उपचार लागतात. हे बाईच्या वागण्यावरचं बोट नाही. खरं उत्तर द्या.

संधिवात सुरू झाला असेल का?

होतो. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आमवात पहिल्यांदा दिसणं किंवा दबलेला उसळणं नेहमीचं आहे. सकाळी बोटं आखडतात, दोन्ही हातांना असतं. पण जंतू नाहीत याची खात्री होण्याआधी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका.

गोव्यात नेमकं जायचं कुठे?

आधी जिथे प्रसूती झाली तिथे, कारण कागद तिथे आहेत. वाळपई, साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून पुढे पाठवतात. म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं, फोंड्याचं उपजिल्हा रुग्णालय, आणि शेवटी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. १८४२ च्या वैद्यकीय शाळेपासून चालत आलेली ही संस्था. तिथे हाडांचा, स्त्रीरोगाचा, सूक्ष्मजीवशास्त्राचा आणि क्ष-किरणांचा विभाग एकाच आवारात असल्यामुळे पाणी काढणं, कल्चर आणि एमआरआय यांच्यात धावपळ कमी होते. सावंतवाडी, दोडामार्गकडच्या बायकाही तिथेच येतात.

ओपीडीत "कंबर दुखते" म्हणू नका, त्या रांगेत तुमच्यासारख्या शंभर असतात. असं म्हणा: "बाळंतपणाला अमुक दिवस झाले, एका बाजूला दुखणं रोज वाढतंय, पायावर उभं राहता येत नाही, ताप अमुक होता." डिस्चार्जचा कागद, गोळ्यांच्या स्ट्रिपा, तापाची नोंद आणि दीन दयाल स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड पिशवीत ठेवा. बाळाला घेऊन जा, दुपट्यांसकट. दिवस मोडतो.

निदान झालं. आता दूध तोडावं लागेल का, आणि बरं वाटतंय हे कशावरून कळणार?

दूध सहसा तोडावं लागत नाही. सेफाझोलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, क्लॉक्सासिलिनसारखी नेहमीची औषधं चालू असताना पाजता येतं. बाळाला पातळ शी होऊ शकते किंवा तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, तेवढं बघायचं. इंजेक्शनं सुरुवातीला शिरेतून, मग गोळ्या, एकूण चार ते सहा आठवडे. पू जास्त असेल तर तो काढून सांधा धुवावा लागतो. रक्तात स्टॅफ ऑरियस सापडला असेल तर हृदयाची इको आणि रक्ताचं पुन्हा कल्चर करायला सांगतात, ते टाळू नका.

आधी ताप आणि रात्रीचा ठणका जातो, मग सीआरपी उतरतो. चालणं शेवटी सुधारतं. एमआरआयवरची सूज त्यानंतरही काही आठवडे दिसत राहते, तिच्यामुळे धीर सोडू नका. सीआरपी उतरता उतरता मध्येच पुन्हा चढला तर आत पू राहिला आहे का ते शोधायला हवं.

पुढचं बाळंतपण असेल तेव्हा पुन्हा होईल का?

पूर्ण बरा झालेला सांधा पुढच्या बाळंतपणात आपोआप पुन्हा पिकत नाही. पण कुर्चा झिजली असेल तर भार पडल्यावर तो सांधा दुखेल, आणि ते दुखणं जुन्या जखमेचं की नवीन जंतूंचं, हा प्रश्न तेव्हाच्या डॉक्टरांपुढे येईल. एमआरआयची सीडी आणि कल्चरचा कागद म्हणूनच टाकू नका. वहिनीने दोन्ही बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवलंय. कल्चरच्या कागदावर तिच्या बाबतीत "वाढ नाही" एवढंच आहे, पण त्याच्या पाठीमागे मी पेनने लिहून ठेवलं आहे: नमुना घेण्याआधी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं होतं.